घशाचं दुखणं मूत्रपिंडात कसं उतरतं: आत्याला पॅरिसहून पत्र

पॅरिस, रविवार दुपार

ती. सौ. आत्यास साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तू विचारलंस, "अगं, दुखतो घसा आणि रक्त लघवीतून जातं, हे कसं?" मी उत्तर द्यायला लागले, पण तुला रडू आलं आणि ते तिथंच राहिलं. शिवाय फोन ठेवताना तू म्हणालीस, "माझं एक मूत्रपिंड घ्या, पण पोराला बरं करा." तेव्हापासून मला चैन नाही. म्हणून तुझ्या पोराच्या, आपल्या दादाच्या, या आजाराबद्दल सगळं नीट लिहिते आहे. त्यालाही वाचून दाखव.

आधी ती उन्हाळीची गोष्ट. लघवी लाल झाली तेव्हा तुला उन्हाळी वाटली आणि तू सब्जा दिलास, धण्याचं पाणी दिलंस. त्यात तुझं काही चुकलं नाही. त्यानं आजार वाढला नाही आणि लांबलाही नाही. पण एक खूण लक्षात ठेव: घसा धरला की एक-दोन दिवसांतच लघवी कोऱ्या चहासारखी होते. घशाच्या जंतुसंसर्गानंतर होणारी मूत्रपिंडाची दुसरी एक सूज असते, ती एक-दोन आठवड्यांनी उमटते. दादाचं तसं नाही, आणि बायॉप्सीत, म्हणजे मूत्रपिंडाचा बारीक तुकडा काढून तपासला त्यातही, तेच दिसलं. दादाच्या आजाराचं नाव आयजीए नेफ्रोपथी.

घसा, नाक, आतडं ही आपल्या शरीराची वेस. तिथं पहारा द्यायला शरीर आयजीए नावाची प्रतिपिंडं, म्हणजे जंतूंना पकडणारी प्रथिनं, बनवतं. बाकी सगळी प्रतिपिंडं एकत्र केली तरी त्याहून जास्त, आणि तीही रोज. जंतू आला की पेशी एकमेकींना निरोप धाडतात. हे निरोप म्हणजे छोटी प्रथिनं, त्यांना सायटोकाइन म्हणतात. गावात दवंडी पिटावी तसं: चोर आलाय, पहारेकरी वाढवा! यातल्या एकाचं नाव गंमतीशीर आहे, एप्रिल. एप्रिलचा निरोप मिळाला की आयजीए बनवणाऱ्या पेशी वाढतात आणि टिकूनही राहतात. दुसरा इंटरल्युकिन-६. तो वाढला की घाईघाईत बनलेल्या आयजीएच्या साखरेच्या शेपटीत गॅलॅक्टोज नावाची साखर कमी पडते. तू गोधडी शिवतेस ना, तिच्या काठाला दोन टाके राहून जावेत तसं.

मग शरीराला आपलीच गोधडी परकी वाटते. तिच्याविरुद्ध दुसरी प्रतिपिंडं बनतात, दोघांच्या गाठी होतात आणि रक्तातून वाहत मूत्रपिंडात अडकतात. तिथं दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी गाळलं जातं, म्हणून गाठी अडकायला जागा तीच. गाळणीच्या केशवाहिन्यांना धरून ठेवणाऱ्या पेशी त्यामुळे चिडतात आणि स्वतःच दवंडी पिटू लागतात. सूज येते, गाळणीला भोकं पडतात, रक्त आणि प्रथिनं निसटतात. वर्षानुवर्षं असंच चाललं तर तिथं व्रण होतो, आणि व्रण झालेली गाळणी परत मिळत नाही.

आता तुझ्या मूत्रपिंडाबद्दल. हा आजार १९६८ साली इथंच, पॅरिसच्या नेकर रुग्णालयात, झाँ बर्जे आणि निकोल इंग्ले यांनी ओळखला. गाळणीवर आयजीए चिकटलेलं त्यांना चमकणाऱ्या रंगाखाली दिसलं. पुढे १९७५ मध्ये बर्जेंनी दाखवलं की रोग्याला नवं मूत्रपिंड बसवलं तरी त्यातही आयजीए येऊन बसतं. आणि उलटही घडलेलं आहे: आयजीए साचलेलं मूत्रपिंड दुसऱ्या माणसात गेलं आणि तिथं ते स्वच्छ झालं. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी कितीतरी वेळ त्याच विचारात होते. म्हणजे आत्या, खोट मूत्रपिंडात नाही, रक्तातून येणाऱ्या निरोपात आहे. दादाचं मूत्रपिंड अजून चांगलं काम करतंय. तुझं तुझ्याजवळच राहू दे.

म्हणूनच आता औषधंही निरोपामागे लागली आहेत. लहान आतड्याच्या शेवटच्या भागात उघडणारी बुडेसोनाइड या स्टेरॉइडची कॅप्सूल अमेरिकेत डिसेंबर २०२१ मध्ये मंजूर झाली. आयजीए बनवणाऱ्या पेशींचा मोठा अड्डा तिथंच असतो. एप्रिलला वाटेतच पकडणारी प्रतिपिंडंही तयार झाली आहेत, आणि चाचण्यांत त्यांनी लघवीतलं प्रथिन बरंच खाली आणलं. शेजारच्या काकूंनी टॉन्सिल काढायला सांगितलं म्हणालीस. जपानमध्ये तसं करतात, पण बाकीच्या देशांतले डॉक्टर सहसा त्याचा सल्ला देत नाहीत. डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही ठरवू नका.

दादासाठी आज सगळ्यात मोठं औषध म्हणजे ती रक्तदाबाची साधी गोळी. दाब नॉर्मल आला म्हणून ती बंद करायची नाही. गाळणीवरचा ताण ती रोज कमी करते आहे. गोळी बदलायची किंवा वाढवायची झाली तर डॉक्टरच ठरवतील. मीठ दिवसभरात चहाच्या एका छोट्या चमच्याच्या आत, त्यात पापड-लोणचंही आलं. अंग दुखलं म्हणून दुकानातून वेदनाशामक आणायचं नाही, आणि कुणी कितीही प्रेमानं दिलं तरी भस्म नको. आपल्याकडच्या रोग्यांत हा आजार युरोपातल्यापेक्षा वेगानं पुढे सरकताना दिसतो, म्हणून मी एवढी मागे लागते आहे.

लघवीतलं प्रथिन दिवसाला अर्ध्या ग्रॅमच्या खाली आलं पाहिजे. मागचा आकडा दीड होता. पुढची तपासणी झाली की रिपोर्टचा फोटो लगेच पाठव, मी रात्री जागी असेन. आणि तू स्वतः दोन घास नीट खा. मामांना नमस्कार.

तुझी,
छकुली