पाकातल्या पेरूला कॉर्नफ्लोअर कशाला?

महोदय,

मार्गशीर्षातल्या गुरुवारांसाठी आपल्या पुरवणीत उपवासाचे गोड पदार्थ आले. त्यात पाकातल्या फळांची कृती धान्याशिवायची म्हणून दिली आहे आणि खाली पाक दाट करायला दोन चमचे कॉर्नफ्लोअर घालायला सांगितले आहे. कॉर्नफ्लोअर म्हणजे मक्याचा स्टार्च, आणि मका हे धान्यच. पर्याय म्हणून सुचवलेली कस्टर्ड पावडरही बहुतांशी तेच, फक्त रंग आणि वास लावलेले. मक्यात ग्लुटेन नसते हे खरे, पण तो मुद्दा वेगळा. (भगरीचेही तसेच. पेठ-सुरगाण्याकडे पिकणारी वरई आपण उपवासाला खातो, तरी ती गवताच्या कुळातले धान्यच. प्रकृतीसाठी धान्य सोडलेल्यांनी उपवासाच्या यादीवर विसंबू नये.)

पेरूच्या पाकाला बाहेरून काही घालावेच लागत नाही. पाक दाट करणारे पेक्टिन पेरूच्या सालीत आणि बियांभोवतीच्या गरात भरपूर असते, आणि नेमके तेच आपण कचऱ्यात टाकतो.

मध्यम आकाराचे सहा पेरू घ्यावेत, साधारण पाऊण किलो. साल पिवळसर झालेली, पण अंगठ्याने दाबल्यावर न दबणारी हवी. हिवाळ्यातले पेरू याला उत्तम. पावसाळी फळ पाणचट असते, लगेच लगदा होतो. साल पातळ काढून फळाच्या दोन फाका कराव्यात, चमच्याने बियांचा गर कोरून काढावा आणि वाट्या लिंबाच्या पाण्यात टाकाव्यात, नाहीतर तपकिरी पडतात. साली आणि बिया पाऊण लिटर पाण्यात पंधरा मिनिटे उकळून गाळाव्यात. गाळणीत चमच्याने दाबू नये, पाक गढूळ होतो. पातेले स्टीलचेच घ्यावे. लोखंडी कढईत पेरूतला तुरटपणा लोखंडाशी मिळून पाणी काळपट करतो.

या पाण्यात २०० ग्रॅम साखर, अर्ध्या लिंबाचा रस, तीन लवंगा आणि चार ठेचलेले वेलदोडे घालावेत. साखर विरघळली की वाट्या सोडाव्यात आणि वर छोटी ताटली उपडी ठेवावी, म्हणजे फाका तरंगून वरून कच्च्या राहत नाहीत. आच इतकी मंद की कडेला एखाददुसरा बुडबुडा यावा. खळखळून उकळले की कडा फाटतात. आठ ते बारा मिनिटांत सुरीचे टोक सहज आत जाते, तिथेच गॅस बंद करावा. गरम पाकात फळ आणखी थोडे शिजतेच. कुकरचे तर नावच काढू नये.

बहुतेकांची चूक पुढची. गुलाबजामच्या सवयीने आधी एकतारी पाक करतात आणि त्यात फळ टाकतात. दाट पाक फळातले पाणी ओढून घेतो, फाका आक्रसतात, चिवट होतात. मग कितीही शिजवा, मऊ पडत नाहीत. पाक आधी पातळच हवा. वाट्या त्यातच तीन-चार तास मुरू द्याव्यात, नंतर बाहेर काढून नुसता पाक निम्मा होईपर्यंत आटवावा. थंड बशीवर थेंब टाकून बोट फिरवले की मागे वाट राहिली पाहिजे. निवल्यावर तो आणखी दाट होतो, म्हणून किंचित आधीच थांबावे.

रंगासाठी सटाणा-देवळ्याकडच्या डाळिंबाचा अर्धी वाटी रस घालावा, पण आटवून झाल्यावर, एकच उकळी येईपर्यंत. सुरुवातीपासून शिजवला तर लाल रंग मातकट होतो. दाणे मिक्सरमध्ये न फिरवता फडक्यात पिळावेत; बिया भरडल्या की रस कडवट लागतो.

सोबत गोड केलेला चक्का छान लागतो. बासुंदी द्यायची तर ती पूर्ण गार हवी आणि पाक तिच्यात मिसळू नये, लिंबामुळे दूध फाटते. फ्रिजमध्ये पाकात बुडवून चार दिवस टिकते. श्रावणात हीच कृती नासपतीची करता येते. कडक नासपतीला पंचवीस-तीस मिनिटे लागतात. तिच्या सालीत पेरूइतके पेक्टिन नसते, तेव्हा पाक जास्त आटवावा लागतो.

येत्या गुरुवारच्या आत कॉर्नफ्लोअरपुरती दुरुस्ती छापलीत तर बरे होईल.

एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक