'आधी आत्याची टेस्ट करू' म्हणणाऱ्या मॅडमना

सप्रेम नमस्कार मॅडम,

मी तुम्हाला आठवते की नाही कोण जाणे. मागच्या श्रावणात कराडहून आलेली, बाबांच्या रिपोर्टांची जाडजूड फाइल छातीशी धरून 'माझं रक्त घ्या आणि काय ती जेनेटिक टेस्ट करून टाका' असा धोशा लावणारी बाई ती मीच. बाबा स्वादुपिंडाच्या कॅन्सरने गेले, 56 व्या वर्षी. तेव्हापासून जेवणानंतर जरा पोट जड झालं तरी मला घाम फुटायचा.

तुम्ही रक्त घेतलंच नाहीत. कोरा कागद ओढलात. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, गेलेल्यांवर तिरकी रेघ, कॅन्सर झालेल्यांचं घर काळं. मी आमच्या कुलवृत्तांताचे फोटो मोबाइलमध्ये आणले होते, मोठ्या ऐटीत, सात पिढ्यांचे. ते पाहून तुम्ही विचारलंत, "यात मुली कुठे आहेत?" नव्हत्याच. लग्न होऊन गेलेली मुलगी आमच्याकडे कागदावरूनही जाते.

मग आजोबांचा विषय निघाला. "ते काविळीने गेले," मी म्हटलं. तुम्ही खोदून विचारलंत: अंगाला खाज होती? वजन उतरलं होतं? मी तिथूनच आईला फोन लावला. होतं, दोन्ही होतं. गावात कावीळ उतरवायलाही नेलं होतं म्हणे. स्वादुपिंडाच्या डोक्याकडची गाठ पित्ताची नळी दाबते आणि डोळे पिवळे होतात, पण काविळीला इतर कारणंही पुष्कळ, असं सांगून तुम्ही तो चौकोन काळा न करता त्यात नुसतं प्रश्नचिन्ह काढलंत. त्या प्रश्नचिन्हानेच माझा तुमच्यावर विश्वास बसला.

आणि मग आत्या. तिला 44 व्या वर्षी स्तनाचा कॅन्सर झाला होता, आता 63 ची आहे, इचलकरंजीत ठणठणीत. मला वाटायचं, तिचा आजार वेगळा, बाबांचा वेगळा. तुम्ही म्हणालात, दोन्हीचं मूळ एकाच बिघडलेल्या जीनमध्ये असू शकतं, म्हणून आधी आत्याची टेस्ट करू. माझी आधी केली आणि काही सापडलं नाही, तर घरात बिघाड नाहीच की आहे पण मला आला नाही, हे कळणारच नाही. इतकी साधी गोष्ट, पण तोवर मला कुणी सांगितली नव्हती. स्वादुपिंडाचा कॅन्सर झालेल्या प्रत्येकाची ही टेस्ट करावी, असं अमेरिकेतल्या मार्गदर्शक सूचना 2019 पासून सांगतात. बाबांच्या वेळी आमच्याजवळ कुणी ब्रही काढला नाही.

आत्याच्या रिपोर्टात बीआरसीए-2 नावाच्या जीनमध्ये बिघाड निघाला. मग माझी फक्त तेवढी एकच जागा तपासली, खर्चही कमी आला. मलाही निघाला. फिफ्टी-फिफ्टी होतं, मी नको त्या बाजूला पडले.

मला रडायचं होतं. तुम्ही पाण्याचा ग्लास सरकवलात आणि कागदावर शंभर ठिपके काढत बसलात. अशा शंभर जणांत आयुष्यभरात साधारण पाच ते दहा जणांना स्वादुपिंडाचा कॅन्सर होतो, म्हणून तेवढेच ठिपके रंगवलेत. उरलेल्या पांढऱ्या ठिपक्यांकडे मी किती वेळ बघत होते! मग हळूच म्हणालात, तुमच्यासाठी खरं लक्ष ठेवायची जागा दुसरी आहे. स्तनाच्या कॅन्सरचे ठिपके निम्म्याच्या आसपास गेले. ज्या आजाराला घाबरून आले होते तो मागे पडला. आणि हे बाबांकडून आलंय हे मला पटतच नव्हतं. असलं काही आईकडूनच येतं अशी माझी समजूत.

आता वर्षातून एकदा मॅमोग्राफी आणि स्तनांचा एमआरआय. स्वादुपिंडाची तपासणी बाबांच्या वयाच्या दहा वर्षं आधी, म्हणजे 46 व्या वर्षी सुरू करायची. मला अजून पाच वर्षं आहेत. त्या तपासणीत प्रत्येक गाठ वेळेत सापडेलच असं नाही, हेही तुम्ही लपवलं नाहीत.

आत्याच्या मुलीने टेस्ट केली, तिला नाही निघाला. तिने फोनवर आधी माझी माफी मागितली, वेडी!

धाकटा भाऊ वर्षभर "मला नको सांगू" म्हणत होता. तुम्ही बजावलं होतंत, त्याच्यामागे लागू नका. फक्त सिगारेटचं बोला, तिने धोका आणखी वाढतो. मी तेवढंच बोलत राहिले. परवा रात्री त्याचा मेसेज आला, "त्या मॅडम मंगळवारी असतात का?"

कागद घेऊन येतोय तो. त्याचा चौकोन अजून कोरा आहे.

तुमची,
कराडची ती फाइलवाली