कोयता हाती येण्याआधी

पुण्यात अल्पवयीन मुलांनी कोयते नाचवत गाड्या फोडल्या की दोनच कारणे कानावर येतात : गरिबी आणि वाईट संगत. पण त्याच वस्तीतली, तितकीच गरीब असलेली बहुसंख्य मुले कोयत्याला हात लावत नाहीत. आणि संगत काहींनाच का लागते?

अमेरिकेत समाजशास्त्रज्ञ डेल्बर्ट एलियट व सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये गुन्हेशास्त्रातले तीन विचार एका साखळीत गुंफले. स्वप्ने मोठी आणि वाटा बंद, हा समाजशास्त्रज्ञ मर्टन यांनी सांगितलेला ताण. मुलाला गुन्ह्यापासून रोखणारे घर-शाळेशी असलेले बंध, हा गुन्हेशास्त्रज्ञ हिर्शी यांचा मुद्दा. आणि गुन्हा सोबत्यांकडून शिकला जातो, हा गुन्हेशास्त्रज्ञ सदरलँड यांच्यापासून चालत आलेला विचार. ताणाने बंध सैलावतात, सुटलेला मुलगा टोळीत ओढला जातो आणि तिथे गुन्हा शिकतो. खुद्द हिर्शी यांना अशी सांगड मान्य नव्हती, कारण या सिद्धांतांची गृहीतकेच परस्परविरोधी आहेत. आक्षेप वजनदार आहे. तरी मला ही मांडणी पटते, कारण मुलाला नेमके कुठे अडवता येईल, हे तिच्यातून दिसते.

२०१५ च्या बाल न्याय कायद्यात सामाजिक तपासणी अहवालाची, म्हणजे मुलाची घरची व सामाजिक परिस्थिती नोंदवणाऱ्या अहवालाची, तरतूद आहे. शाळा कधी सुटली, घरात कोणाचे ऐकतो, टोळीत कोणी नेले, हा क्रम त्यात तपशीलवार यावा. आणि मुलांची धिंड काढण्याची मागणी थांबवावी. गुंड म्हणून शिक्का बसला की उरलासुरला बंधही तुटतो.

– एक वाचक, पुणे