चाळीसपैकी अठ्ठावीस

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, ताप थर्मामीटरने कळतो, साखर रक्तातून कळते, मग मनातला विचार तुम्ही मोजता कसा, असं तुम्ही फोनवर विचारलं होतंत. घाईत सांगण्यासारखं ते नव्हतं, म्हणून हे पत्र. आईचा प्रश्न वेगळा होता: ओसीडी झालेल्या माणसाच्या घरच्यांनी काय करायचं? आधी बाबांचा प्रश्न घेते, त्यातूनच आईच्या प्रश्नाकडे जाता येईल.

ओसीडीला आपल्याकडे मंत्रचळ म्हणतात. नको असलेला विचार पुन्हा पुन्हा मनात घुसतो. हात अजून घाणच आहेत, गॅस चालूच राहिला, माझ्या हातून कुणाला इजा होईल. त्याने उठलेली भीती शमवायला माणूस धुतो, तपासतो, मोजतो, विचारत राहतो किंवा मनातल्या मनात ठरावीक शब्द म्हणतो. असे विचार बहुतेक सगळ्यांच्याच मनात येऊन जातात, हे रॅकमन आणि डी सिल्वा या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्येच दाखवलं होतं. म्हणून गुण देताना विचार कोणता आहे याला महत्त्वच नसतं. तो किती जागा व्यापतो, ते मोजायचं.

त्यासाठीची मोजपट्टी १९८९ साली प्रसिद्ध झाली. येल आणि ब्राउन या विद्यापीठांच्या नावावरून तिला वाय-बॉक्स म्हणतात. प्रश्न दहा, पाच विचारांबद्दल आणि तेच पाच कृतींबद्दल: वेळ किती जातो, कामात अडथळा किती, त्रास किती, विरोध किती करता, ताबा किती राहतो. प्रत्येकाला ० ते ४ गुण, एकूण ४०. वेळेचंच पाहा. दिवसात एक तासाच्या आत असेल तर १, एक ते तीन तास २, तीन ते आठ ३, आठच्या वर ४. गेल्या सात दिवसांची सरासरी धरायची, आजचा दिवस चांगला की वाईट यावर जायचं नाही. १६ ते २३ मध्यम, २४ ते ३१ तीव्र, ३२ पासून पुढे अतितीव्र.

ऐकायला सोपं वाटतं, पण आकडा फसवतो. ज्याला दाराच्या कडीची किळस येते तो घराबाहेरच पडेनासा होतो. मग हात धुण्याची वेळ कमी येते, गुण उतरतात आणि कागदावर माणूस सुधारलेला दिसतो. म्हणून 'किती वेळा धुता?' याच्या पाठोपाठ 'काय काय करायचं सोडून दिलंय?' हे विचारावंच लागतं. दुसरी अडचण लाजेची. देवाबद्दलचे, लैंगिक किंवा स्वतःच्या बाळाला इजा करण्याचे विचार कुणी आपणहून सांगत नाही. त्यासाठी गुण देण्याआधी लक्षणांची लांबलचक यादी वाचून दाखवतात, म्हणजे माणसाला नुसती मान हलवता येते. ही यादी वेळ वाचवण्यासाठी गाळली, तर मुलाखत फुकट गेली असं मी मानते. तिसरी खोच विरोधाच्या प्रश्नात आहे. विचाराशी झुंजणाऱ्याला तिथे कमी, म्हणजे चांगले गुण मिळतात. उपचार मात्र शिकवतो की विचाराशी झुंजू नका, त्याला येऊ द्या. २०१० च्या सुधारित आवृत्तीत विचारांबाबतचा हा प्रश्न काढून, विचारांवाचून सलग किती वेळ जातो, हा प्रश्न घातला. तिथे एकूण गुणही ५० झाले.

औषध लागू पडलं असं केव्हा म्हणायचं? गुण निदान ३५ टक्क्यांनी उतरले तर. २८ वर असलेला माणूस १८ वर आला की तो 'प्रतिसाद मिळाला' या रकान्यात जातो. पण १८ म्हणजे अजून मध्यम आजार आहे. बरं वाटलं म्हणायला १२ किंवा त्याखाली यावं लागतं. बातमीत 'निम्म्या रुग्णांना फायदा' असं वाचाल, तेव्हा हा फरक लक्षात असू द्या.

आता मूडचं. मंत्रचळ बहुधा आधी येतो आणि वर्षानुवर्षं त्यात पिचल्यावर नैराश्य येतं. नैराश्यातल्या माणसाला प्रत्येक प्रश्नाचं उत्तर काळंच दिसतं, त्यामुळे त्रासाचे आणि ताब्याचे गुण वाढून येतात. म्हणून नैराश्य वेगळं मोजतात. त्यासाठी माड्रस नावाची दहा प्रश्नांची, ६० गुणांची मोजपट्टी असते. दोन्हीतला विचारही वेगळा असतो. 'मी सगळ्यांवर ओझं आहे' हे नैराश्यातल्या माणसाला मनापासून पटलेलं असतं, तो तेच घोळवत बसतो. मंत्रचळातला विचार माणसाला परका वाटतो, तो त्याला घाबरतो आणि त्यावर काहीतरी तोड करत राहतो. 'हा विचार तुम्हाला पटतो की छळतो?' या साध्या प्रश्नाने बरंच उलगडतं.

सगळ्यात जपून पावलं टाकावी लागतात ती बायपोलर आजार, म्हणजे कधी नैराश्य तर कधी उन्मादाचा अतिउत्साह, सोबत असतो तेव्हा. मंत्रचळाला सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनावर काम करणारी औषधं नैराश्यापेक्षा मोठ्या मात्रेत लागतात. सर्ट्रालीन २०० मिलिग्रॅमपर्यंत, फ्लुओक्सेटीन ६० ते ८० पर्यंत चढवतात. आणि ८ ते १२ आठवडे, त्यातले निदान ४ ते ६ पूर्ण मात्रेवर काढल्याशिवाय 'उपयोग नाही' म्हणता येत नाही. तिसऱ्या आठवड्यात औषध सोडणारे पुष्कळ, आणि ते औषध नापास झालं असं समजतात. बायपोलरमध्ये मात्र हीच मोठी मात्रा माणसाला उन्मादात ढकलू शकते. तिथे आधी लिथियमसारख्या औषधाने मूड स्थिर करतात, मग मंत्रचळाकडे वळतात. लिथियमची रक्तातली पातळी शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी तपासतात, साधारण ०.६ ते १.० मिलिमोल प्रति लिटर हवी. जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी कमी झालं किंवा आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी परस्पर घेतली, तर ती धोक्याच्या पातळीपर्यंत चढू शकते. आणखी एक: फ्लुवोक्सामीन आणि क्लोमिप्रामीन ही दोन्ही मंत्रचळाचीच औषधं, पण ती एकत्र दिली तर क्लोमिप्रामीनची रक्तातली पातळी कितीतरी वाढते. हे दोन डॉक्टरांकडून वेगवेगळं लिहून घेतलेलं असेल, तर दोघांनाही सांगायला हवं.

औषधाइतकाच, माझ्या मते कित्येकांना त्याहून टिकाऊ उपाय म्हणजे भीतीला सामोरं जाणं आणि नेहमीची कृती न करणं. १९६६ मध्ये लंडनला मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर मेयर यांनी दोन रुग्णांवर तो प्रथम वापरला. भीतीच्या गोष्टींना ० ते १०० गुण देऊन उतरंड मांडायची, तीस-चाळीसच्या पायरीपासून सुरुवात करायची. कडीला हात लावायचा आणि धुवायचा नाही. बसून राहायचं. पहिला अर्धा भाग सगळे करतात, दुसरा निसटतो. हात धुतला नाही, पण मनात शुद्धीचे शब्द म्हटले, किंवा 'काही होणार नाही ना?' असं बायकोला विचारलं, तर कृती झालीच.

आई, तुझा प्रश्न इथे येतो. नेदरलँड्समध्ये २००३ साली व्हॅन डेन हाऊट आणि किंट यांनी निरोगी विद्यार्थ्यांना संगणकावरच्या शेगडीचे बर्नर पुन्हा पुन्हा तपासायला लावले. शेवटच्या तपासणीबद्दलची त्यांची उत्तरं बरोबर होती, पण आठवण धूसर झाली होती आणि तिच्यावरचा भरवसा उडाला होता. म्हणजे तपासण्यानेच शंका वाढते. आता घरातलं पाहा. 'गॅस बंद आहे ना?' 'हो रे, बंद आहे.' हे उत्तर देणारा माणूस प्रेमापोटी त्याच्या वतीने तपासतच असतो. त्याच्यासाठी वेगळा साबण आणणं, त्याच्याआधी दार उघडणं, बाहेरून आल्यावर सगळ्यांनी कपडे बदलणं, हे सगळं त्यातच आलं. वाय-बॉक्सच्या ४० गुणांत घरच्यांचा हा वाटा कुठेच धरलेला नाही. त्यासाठी १२ प्रश्नांची वेगळी मोजपट्टी आहे, आणि ती भरून घ्यायची राहून जाते याचं मला फार वाईट वाटतं.

हा वाटा एकदम काढून घ्यायचा नाही, आणि रागाच्या भरात तर नाहीच. तो माणूस शांत असताना त्याच्याशी बोलून एकच गोष्ट निवडायची. समजा, गॅसचं उत्तर. वाक्यही आधीच ठरवायचं: 'हा प्रश्न आजार विचारतोय, मी उत्तर देणार नाही, पण तुझ्याजवळ बसते.' पहिले काही दिवस प्रश्न वाढतील, चिडचिड होईल. तेव्हा एकाने उत्तर दिलं आणि दुसऱ्याने नाही, तर सगळं पहिल्यापासून. मात्र 'जगावंसं वाटत नाही' हे बोलणं या नियमात बसत नाही. ते ऐकलं की त्याला एकटं सोडायचं नाही आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

डॉक्टरांकडे कोरं जाऊ नये, एका कागदावर लिहून न्यावं. विचारांत आणि कृतींत दिवसाचे किती तास जातात. काय टाळलं जातं. घरात कोण काय करून देतं. सुरुवात कितव्या वर्षी झाली. आजवरची औषधं, प्रत्येकाची मात्रा आणि किती आठवडे घेतली. आणि कधी असे सलग दिवस आले होते का, की तीन-चार तासांच्या झोपेवरही थकवा नाही, बोलणं भरधाव, हातून पैसा सुटतोय. रक्ताच्या नात्यात कुणाला तसं झालं होतं का. हे शेवटचं रुग्ण स्वतः सहसा सांगत नाही, कारण ते दिवस त्याला आजाराचे वाटलेलेच नसतात. ते घरच्यांना आठवतं.

तब्येतीला जपा. बाबांना काही विचारायचं राहिलं असेल तर लिहून ठेवायला सांग.

तुमची लेक