बाटलीआधी पाणी विचारणाऱ्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

"पाणी कुठलं? पालिकेचं, बोअरचं की टँकरचं?" तुमच्या माशांच्या दुकानात क्लोरीन घालवणाऱ्या औषधाची बाटली काढण्याआधी तुम्ही प्रत्येक गिऱ्हाइकाला हे विचारता. आमच्या इमारतीतल्या काचेच्या टाक्यांमधले मासे त्या प्रश्नामुळे सुखरूप आहेत, म्हणून हे उघड आभाराचं पत्र.

पालिकेच्या पाण्यात क्लोरीन असतो. भारतीय मानकानुसार नळापर्यंत तो लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम उरायला हवा. आपल्याला तो जंतूंपासून वाचवतो, पण माशाचे कल्ले जाळतो आणि फिल्टरमधले उपयोगी जिवाणूही मारतो. त्यावर साधं अँटीक्लोरीन पुरतं. महागड्या बाटलीतला कोरफडीचा अर्क रोजच्या पाणीबदलाला लागत नाही, हे दुकानदार असून तुम्ही सांगितलंत. निळं औषध रोगासाठी असतं, क्लोरीनसाठी नाही, हेसुद्धा.

हायपोच्या (सोडियम थायोसल्फेट, म्हणजे तेच साधं अँटीक्लोरीन) खड्यांचा हिशेब तर फार कामाला आला. 10 ग्रॅम खडे विरघळवून पाणी 100 मिली करायचं, गडद बाटलीत ठेवायचं. त्यातलं 1 मिली 15 लिटरच्या बादलीला. एक मिलिग्रॅम क्लोरीनला साधारण सात मिलिग्रॅम हायपो लागतो, म्हणजे क्लोरीन लिटरला 0.5 मिलिग्रॅम असला तरी हे जवळजवळ दुप्पट होतं. द्रावण गढूळ झालं की फेकायचं. बादलीत घालायचं असेल तर माप बादलीच्या पाण्याचं; पण पाइपने नळाचं पाणी थेट टाकीत सोडणार असू, तर पाण्याआधी अख्ख्या टाकीच्या मापाने. लांबी, रुंदी आणि पाण्याची उंची सेंटिमीटरमध्ये गुणून हजाराने भागायचं: 60, 30, 30 म्हणजे 54 लिटर. चुका इथेच जास्त होतात.

पाण्यात क्लोरॅमाइन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग) असेल तर मात्र हायपो अर्धंच काम करतो. क्लोरीन जातो, अमोनिया सुटतो. तिथे अमोनिया बांधणारा कंडिशनरच हवा. रात्रभर बादली उघडी ठेवूनही क्लोरॅमाइन उडत नाही. ओळखायला तुम्ही दाखवलेली ओटी टेस्ट, म्हणजे ऑर्थोटॉलिडीनच्या थेंबांची चाचणी: थेंब पडताच पिवळं झालं तर मोकळा क्लोरीन, पाच मिनिटांत रंग गडद होत गेला तर क्लोरॅमाइनचा संशय. टेस्ट केलेलं पाणी विषारी, टाकीत ओतायचं नाही, हे तुम्ही दोनदा बजावलंत.

बोअरच्या पाण्याला अँटीक्लोरीनची गरज सहसा नसते, पण त्यात ऑक्सिजन कमी असतो, म्हणून रात्रभर एअर पंप. टँकरचं पाणी दर खेपेला वेगळं, त्यामुळे टेस्ट दर वेळी. आणि सोसायटीची टाकी धुतल्यावर पहिले दोन दिवस पाणी बदलायचंच नाही, कारण तेव्हा हायपोक्लोराइट (हायपो नव्हे, क्लोरीनचं जंतुनाशक) ओतलेलं असतं.

चुकून क्लोरीनचं पाणी गेलंच तर मासे वर येऊन धापा टाकतात, कल्ले लाल दिसतात. अशा वेळी अख्ख्या टाकीच्या मापाने अँटीक्लोरीनचा डोस आणि एअर पंप पूर्ण जोरात. फिल्टरचा स्पंज नेहमी काढलेल्या जुन्या पाण्यातच पिळायचा, नळाखाली कधीच नाही.

लिफ्टजवळच्या फळ्यावर टाकी धुण्याची तारीख आता आठवडाभर आधी लागते. तिच्याखाली "मासे पाळणाऱ्यांनी पाणी आधीच भरून ठेवावे" ही ओळ तुमच्या सांगण्यावरून लिहिली आहे.

मनापासून आभार, काका.

आपले,
इमारतीतले सगळे मासेवाले