आई, आमच्या भेसळीविषयी

ती. आई-बाबांना सा. न.

आई, रविवारी फोनवर तू विचारलंस, "शुद्ध माल घेतला तर तुमचा स्फटिक बिघडेलच कशाला?" आवाज तुटत होता, म्हणून आज नीट लिहिते.

आमच्याकडे शुद्ध माल कामाचाच नाही. लँथॅनम नावाचा धातू, तांबं आणि ऑक्सिजन यांचा चोख स्फटिक वीज वाहू देत नाही. त्यात तांब्याचा प्रत्येक अणू म्हणजे इवलंसं चुंबक. एकाचं तोंड वर, तर चारही शेजाऱ्यांचं खाली, बुद्धिबळाच्या पटासारखं. ही शिस्त पार 50 अंश सेल्सिअसपर्यंत टिकते. मग आम्ही लँथॅनमच्या काही जागी स्ट्रॉन्शियम हा दुसरा धातू घालतो, हीच आमची भेसळ. दर स्ट्रॉन्शियममागे एक इलेक्ट्रॉन कमी होतो आणि ती रिकामी जागा तांब्याच्या थरात हिंडू लागते. तांब्याच्या शंभर अणूंमागे दोन स्ट्रॉन्शियम, एवढ्यावर चुंबकांची शिस्त मोडते. पंधरा-सोळा घातले की 38 केल्विनखाली, म्हणजे उणे 235 अंशांखाली, विजेला अडथळाच उरत नाही. बेरियम घातलेल्या अशाच संयुगात 1986 मध्ये झुरिकजवळ बेडनॉर्त्झ आणि म्युलर यांना ही अतिसंवाहकता सापडली, आणि पुढच्याच वर्षी त्यांना नोबेल मिळालं.

पण बाबा, माप बरोबर असून भागत नाही. स्ट्रॉन्शियम कुठे बसेल ते आमच्या हातात नसतं. इथे दोन अगदी जवळ, तिथे लांबवर एकही नाही. शिवाय ते लँथॅनमपेक्षा अंगाने मोठं, त्यामुळे शेजारच्या ऑक्सिजनला रेटतं, आणि तांब्याचा थर तर खेटूनच असतो. तांब्याबरोबर पारा असलेल्या एका संयुगात मात्र स्ट्रॉन्शियमचं काम जादाचा ऑक्सिजन करतो, तो तांब्याच्या थरापासून दूर बसतो, आणि तिथे अतिसंवाहकतेची मजल 97 केल्विनपर्यंत जाते. एवढं एकच कारण नसेल, पण मला ते मोठं वाटतं.

जस्ताचं तर नवलच. त्याला स्वतःचं चुंबकत्व नाही. पण तांब्याच्या शंभरांतल्या जेमतेम तीन जागा त्याने घेतल्या की अतिसंवाहकता संपते आणि त्याच्या भोवतालच्या तांब्याची चुंबकं जागी होतात. म्हणजे ती मेलेली नव्हती, दबून होती! कशाने दबली होती, हेच मला शोधायचंय.

गेल्या महिन्यात माझ्या हातून चूक झाली. लँथॅनम ऑक्साइडची पांढरी पूड हवेतला ओलावा धरते, म्हणून रात्रभर भट्टीत तापवून लगेच तोलायची असते. मी ती उघडी ठेवून जेवायला गेले आणि पुडीबरोबर पाणीही तोललं. लँथॅनम कमी पडलं, स्ट्रॉन्शियमचं प्रमाण चढलं. तासाला मिलिमीटरभर वाढणारा स्फटिक दोन दिवस जागून काढला. काळाभोर, चकचकीत निघाला, पण हव्या त्या तापमानाला अतिसंवाहक झाला नाही. फार वाईट वाटलं.

बाबा, दुकानात तुम्ही आधी रिकामी पारडी तोलून बघायचात. काल पूड तोलताना तुम्हीच डोळ्यांसमोर होतात. आत्ता त्या पुडीची कांडी भट्टीत आहे, वितळलेला भाग दोन टोकांमध्ये थेंबासारखा लटकलाय. तासातासाने उठून बघून येते.

आई, गुडघ्याचा एक्स-रे काढलास का, कळव.

तुमची,
मनू