ब्राउनीसाठी चॉकलेट कुठलं?

फोंडा

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "दोन्ही पाकिटांवर डार्क लिहिलंय, मग एक निम्म्या किमतीत कसं?" माझे हात मासळीने भरले होते, म्हणून तेव्हा नीट सांगता आलं नाही.

पाकीट उलटं कर. पुढची सोनेरी अक्षरं सोडून दे, मागचे बारीक अक्षरांतले घटक वाच. तिथे साखर, कोको सॉलिड्स, कोको बटर एवढंच असेल तर ते चॉकलेट. 'हायड्रोजनेटेड व्हेजिटेबल फॅट' दिसलं की ते कंपाउंड, म्हणजे चॉकलेटची स्वस्त नक्कल, मग नाव काही का असेना. एकाच कंपनीचे दोन्ही प्रकार असतात, त्यामुळे ब्रँड बघून भागत नाही.

कोकोच्या बियांत निम्म्याच्या आसपास स्निग्धांश असतो. १८२८ साली नेदरलँड्समध्ये व्हॅन हाउटन घराण्याने तो दाबयंत्राने पिळून काढायची रीत बसवली, आणि कोको बटर एकीकडे, पावडर दुसरीकडे अशी फारकत झाली. बटर महाग, क्रीम-लिपस्टिकवाल्यांनाही तेच हवं असतं. म्हणून पावडरीत साखर आणि पामच्या बियांचं घट्ट केलेलं तेल घालून कंपाउंड बनवतात. बेसनाचे लाडू साजूक तुपाऐवजी डालड्यात वळले तर जे होईल तेच इथे होतं. दिसायला तसेच, पण खाल्ल्यावर टाळूला पातळ थर बसतो. कोको बटर ३४ अंशांच्या आसपास, म्हणजे तोंडातल्या उबेनेच विरघळतं. आणि ब्राउनीत मैदा तो किती? सगळी मजा चॉकलेट आणि लोण्याचीच, तेव्हा तिथे फसवाफसवी लपत नाही.

कंपाउंडला मी नावं ठेवत नाही हं. मे महिन्यात आपल्याकडे केकवर खरं चॉकलेट ओतलं तर पाहुणे यायच्या आधी त्याला पाझर फुटतो, कंपाउंड मात्र ताठ उभं राहतं. शिवाय त्याला टेम्परिंगचा, म्हणजे चकाकी यावी म्हणून मोजून तापवण्या-निववण्याचा घोळ नाही. नक्षीला, वरून बुडवायला तेच बरं. फक्त ब्राउनीच्या घाण्यात ते नको.

टक्क्यांचं म्हणशील तर ५५ ते ७० यांमध्ये राहा. अमूलचा ५५ टक्क्यांचा बार घरच्या ब्राउनीला छान होतो आणि पर्वरीत कुठेही मिळेल. बेल्जियमचं आणायची गरज नाही. हा आकडा म्हणजे कोकोचा सगळा भाग, बटर धरून. उरलेली जवळजवळ साखरच. म्हणजे २०० ग्रॅम चॉकलेटमध्ये ५५ वाल्यात सुमारे ९० ग्रॅम साखर येते, ७० वाल्यात ६०. त्यामुळे ७० चं घेतलंस तर साखर दोन चमचे वाढव. ८५-९० च्या वाटेला जाऊ नकोस, कडू होऊन बसतं आणि मिश्रण फुटायची भीती. मिल्क चॉकलेट नकोच. बाबांना आवडतं, पण त्यांना सगळंच गोड आवडतं. चिप्स वितळवायला घेऊ नकोस. त्या भट्टीत आकार धरून राहाव्यात म्हणूनच बनवलेल्या असतात, वरून पेरायला ठीक.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला गेलीस की बेकरीच्या सामानाच्या दुकानांतून प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेले सुटे तुकडे दिसतील. "मॅडम, हेच हॉटेलवाले नेतात," असंही ऐकवतील. एका दुकानाने मला ते डार्क म्हणून विकलं आणि घरी आणल्यावर मेणबत्ती चघळल्यासारखं लागलं. मागची बाजूच नाही, तर वाचणार काय? चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही.

भाव ऐकून तू दचकलीस ते बरोबर आहे. आयव्हरी कोस्ट आणि घानात पीक बुडालं आणि २०२४ साली जगाच्या बाजारात कोको टनाला १०,००० डॉलरच्या वर गेला. कोको आपल्या देशातही होतो, खाली कर्नाटकात पुत्तूरला सुपारीवाल्यांच्या कॅम्पको या सहकारी संस्थेचा चॉकलेटचा कारखाना १९८६ पासून आहे. सुपारीच्या सावलीत कोको चांगला येतो. तुझ्या आजोबांच्या सुपारीच्या कुळागरात मात्र मिरी आणि केळींपुढे कोणी गेलं नाही.

बारवर पांढुरकं आलं तर टाकू नकोस. उकाड्याने कोको बटर वर येतं, नाहीतर फ्रिजमधून काढल्यावर दमट हवेने वर पाणी धरतं आणि साखर विरघळून वर येते. चव तीच, वितळलं की जातं. फ्रिजमध्ये ठेवायचंच असेल तर घट्ट डब्यात, आणि बाहेर काढल्यावर डबा लगेच उघडू नकोस.

आता माप. ८ इंची टिनला २०० ग्रॅम चॉकलेट आणि १२५ ग्रॅम लोणी एकत्र, गरम पाण्याच्या टोपावर. वरच्या भांड्याचं बूड पाण्याला टेकू द्यायचं नाही. नुसतं चॉकलेट वितळवताना थेंबभर पाणी गेलं तरी ओल्या साखरेचे कण एकमेकांना धरतात आणि गोळा होतो, म्हणून चमचा कोरडा. २०० ग्रॅम बारीक साखर आणि तीन अंडी भरपूर फेट, वरचा पापुद्रा त्यातूनच येतो. चॉकलेट कोमट झालं की त्यात घाल, मग ९० ग्रॅम मैदा आणि चिमूटभर मीठ, फक्त मिसळेपर्यंत. सोडा नको. १७० अंशांवर पंचवीस मिनिटं, पण तुझा नवा ओटीजी कसा तापतो ते मला ठाऊक नाही, तेव्हा विसाव्या मिनिटाला काडी घाल. काडीला ओलसर चुरा लागला की बाहेर काढ. कोरडी काडी निघेपर्यंत थांबलीस तर तो केक झाला. कापायची घाई नको, गार होताना कोको बटर परत घट्ट होतं, तेव्हाच काप नीट पडतात.

अक्रोडाऐवजी काजूगर घाल, आधी भाजून. डबा भरून ठेवलाय. बाबा मंगळवारी पणजीला येणार आहेत, त्यांच्याबरोबर पाठवते. माझा ८ इंची टिन तुझ्याकडेच आहे, शोधत बसू नकोस.

तुझी,
आई